टाचेवरची शीर सहा महिने दुखतेय. आराम झाला, इंजेक्शन झालं, आता काय?

गोदाकाठचा | ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. वय ४६, अंबडला सीएनसी शॉपमध्ये सुपरवायझर आहे. आठ-नऊ तास सिमेंटच्या फरशीवर उभा, पायात सेफ्टी शूज. सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चार-पाच फेऱ्या, एवढाच काय तो व्यायाम.

गेल्या तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीची फेरी केली. दरवर्षी बूट घालून करतो, पण आईचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून यंदा अनवाणी बोललो होतो. कुशावर्तात आंघोळ करून रात्री निघालो, चिखलातून, दगडांतून वीसेक किलोमीटर. त्या दिवशी काहीच जाणवलं नाही. तिसऱ्या दिवशी पलंगावरून उतरलो तर डावा पाय टेकवेना. टाचेच्या मागे, चार बोटं वर, जी जाड दोरीसारखी शीर असते ना, तिथे कुणी पक्कड लावून धरलंय असं वाटलं.

पुढचं थोडक्यात. तीन आठवडे आराम आणि गोळ्या, बरं वाटलं. दसऱ्याला पुन्हा चालायला लागलो, आठ दिवसांत पहिले पाढे. नोव्हेंबरात एका दवाखान्यात त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. खोटं कशाला बोलू, जादू झाली. पाच आठवडे मी विसरलो होतो की पाय आहे. जानेवारीत दुखणं परत आलं ते दामदुप्पट. एमआरआय काढला. रिपोर्टात लिहिलंय ‘टेंडिनोसिस, सूक्ष्म अंतर्गत चीर’. आता दुसरीकडे सांगतायत की स्वतःचंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग टोचू, म्हणजे पीआरपी. खर्च ऐकून विचार करून सांगतो म्हणालो आणि जिना उतरलो. उतरतानाही दुखलं.

कुणी यातून गेलंय का? शीर तुटेल का, ही भीती बसलीय.

पहाटपळ्या | ९ फेब्रुवारी

शूज बदला आणि पोटरीचं स्ट्रेचिंग करा. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायची, जेवढी ताणेल तेवढी. दिवसातून दहा वेळा. माझं तसंच गेलं. दोन महिने बर्फ.

सिन्नरची_मावशी | ९ फेब्रुवारी

आमच्याकडे या शिरेला घोडनस म्हणायचे. आजोबांची नांगरणीत दुखायची तर आजी एरंडेल कोमट करून लावायची आणि वर रुईचं पान बांधायची. बरं वाटायचं त्यांना. बरं व्हायचं का ते आठवत नाही, कारण पेरणी आली की ते पुन्हा उभेच.

मोकळी_मान | १० फेब्रुवारी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकमध्येच. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, ही जाहिरात नाही. आणि पडद्यावरून निदान होत नाही, हेही आधीच सांगते.

मावशी, घोडनस हा शब्द वाचून मजा आली. आपल्याकडे ‘शीर’ आणि ‘नस’ या दोन शब्दांत रक्तवाहिनी, चेतातंतू आणि कंडरा असे तिन्ही पाहुणे एकाच खोलीत राहतात. पेशंट म्हणतो ‘शीर दबली’, तेव्हा मला पहिली दहा मिनिटं कुठली शीर ते शोधण्यात घालवावी लागतात. इथे विषय कंडरेचा आहे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी.

गोदाकाठचा, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. दुखणं एकाच पायात की दोन्ही? सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं टिकतो? दोन बोटांच्या चिमटीत धरून दाबलं तर नेमकं कुठे दुखतं, हाडाला चिकटते तिथे की त्याच्या वर? चालायला लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कमी होतं का वाढतं? शुगर, कोलेस्टेरॉल कधी तपासलं? आणि फेरीच्या आधी दोनेक महिन्यांत कुठली अँटिबायोटिक घेतली होती का?

तुटण्याबद्दल: पोटावर झोपा, पाय पलंगाबाहेर लोंबू द्या, घरातल्या कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल आपोआप खाली झुकलं तर दोरी शाबूत आहे. पूर्ण तुटते तेव्हा बहुतेक वेळा मागून कुणी दगड मारल्यासारखा आवाज आणि झटका येतो, माणूस वळून बघतो कुणी मारलं म्हणून. तसं झालं तर इथे लिहीत बसू नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जा.

गोदाकाठचा | १० फेब्रुवारी

ताई, मुलीकडून पोटरी दाबून घेतली, पाऊल हललं. हायसं वाटलं.

फक्त डावा. सकाळी दहा-पंधरा मिनिटं लंगडतो, मग सुटतो. चालताना सुरुवातीला दुखतं, मध्ये बरं वाटतं, रात्री पुन्हा ठणकतं. चिमटीत दुखतं ती जागा हाडापासून पाचेक सेंटीमीटर वर, तिथे बोराएवढी जाड गाठ लागते. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ६.९, हे मला एमआरआयच्या वेळी कळलं. आणि हो, जुलैत पोट बिघडलं होतं तेव्हा मेडिकलवाल्याकडून सिप्रोफ्लॉक्सॅसिन-टिनिडाझोल आणून पाच दिवस घेतली होती. त्याचा काय संबंध?

मोकळी_मान | ११ फेब्रुवारी

आहे संबंध, आणि फार कमी लोक विचारतात म्हणून सविस्तर लिहिते.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, ओफ्लॉक्सॅसिन ही फ्लुरोक्विनोलोन घराण्यातली औषधं. कंडरा दुखण्याची आणि तुटण्याची जोखीम यांनी वाढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये यांच्यावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. साठी ओलांडलेल्यांना, सोबत स्टेरॉइड घेणाऱ्यांना जास्त धोका, आणि सगळ्यात जास्त फटका बसतो तो नेमका या टाचेवरच्या दोरीलाच. तुमचं दुखणं त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पाच दिवसांच्या गोळ्या, वाढलेली शुगर, नेहमीच्या चार फेऱ्यांवरून एका रात्रीत अनवाणी वीस किलोमीटर, या तिघांनी मिळून गाठलं असावं. पुढच्या वेळी जुलाब झाले तर मेडिकलवाल्याऐवजी डॉक्टरला विचारा आणि कंडरेचा त्रास आहे हे आठवणीने सांगा. शुगरचं म्हणाल तर साखर कोलाजेनच्या, म्हणजे कंडरा ज्या प्रथिनाची बनते त्याच्या, धाग्यांना चिकटून त्यांना ताठर करते, त्यामुळे मधुमेहात या दोऱ्या जाड होतात आणि हळू भरतात. ६.९ साठी फिजिशियनकडे जाणं हाही याच दुखण्याचा इलाज आहे.

आता निदान. तुम्ही सांगितलेलं सगळं, म्हणजे एक बाजू, थोडा वेळ टिकणारा सकाळचा ताठरपणा, चालल्यावर सुटणं, मधल्या भागात गाठ आणि चिमटीत दुखणं, यावर एमआरआयशिवायही निदान होतं. एमआरआय वाईट नाही, पण कंडरेच्या बाबतीत तो दिशाभूल करतो. ज्यांना आयुष्यात कधी दुखलं नाही अशांच्या चित्रातही जाडपणा, डाग, चिरा दिसतात. आणि दुखणं गेल्यावर चित्र सुधारेलच असंही नाही. मी पेशंटला म्हणते, फोटोवर नाही, पायावर इलाज करायचाय.

‘टेंडिनोसिस’ या शब्दाबद्दल. पूर्वी सरसकट टेंडिनायटिस म्हणायचे, ‘आयटिस’ म्हणजे दाह, सूज. मग सूज उतरवायची गोळी, बर्फ, स्टेरॉइड, हे ओघानेच आलं. पण जुनाट दुखण्यातल्या कंडरेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तेव्हा दाहाच्या पेशी जवळजवळ नव्हत्या. होतं ते असं: एकमेकांना समांतर असायला हवेत ते कोलाजेनचे धागे विस्कटलेले, मध्ये पाणी धरून ठेवणारा मऊ गर, आणि जिथे नको तिथे घुसलेल्या बारीक रक्तवाहिन्या. दाहाचा अगदीच हात नाही असं आता कुणी म्हणत नाही, पण मुख्य गुन्हेगार तो नाही. सुंभ पिळलेला असतो तेव्हा बैल ओढतो. पीळ सुटून काथ्या पिंजला की त्याच सुंभाने बादलीसुद्धा ओढवत नाही. सुंभावर बर्फ ठेवून पीळ परत येत नाही.

आणि आरामानेही येत नाही. कंडरेतल्या पेशींना ताण पडला तरच त्या नवा धागा विणतात. तीन आठवडे पाय वर करून बसलात तेव्हा दुखणं कमी झालं, पण दोरीही आणखी कमकुवत झाली. पोटरीही. मग दसऱ्याला त्याच जुन्या चार फेऱ्या तिला जड झाल्या. आराम, बरं वाटणं, सुरुवात, पुन्हा दुखणं हे चक्र माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचं असतं.

पहाटपळ्या | ११ फेब्रुवारी

म्हणजे माझं स्ट्रेचिंग चुकीचं?

मोकळी_मान | ११ फेब्रुवारी

दुखणं दोरीच्या मधल्या भागात असेल तर फारसं बिघडणार नाही. पण हाडाला चिकटते तिथे दुखत असेल, तर टाच पायरीखाली सोडली की दोरी टाचेच्या हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं. अशांना सपाट जमिनीवर व्यायाम आणि काही आठवडे बुटात टाचेखाली छोटी पाचर. एकच सल्ला दोघांना दिला की एक बरा होतो आणि दुसरा शिव्या देतो.

शंकासुर | १२ फेब्रुवारी

ताई, सगळं ठीक. पण व्यायामाने बरं झालं की वेळेने, हे कसं ठरवणार? सहा महिने व्यायाम केला आणि बरं झालं, तर नुसतं कॅलेंडर फाडूनही झालं असतं.

मोकळी_मान | १२ फेब्रुवारी

असा माणूस धाग्यावर हवाच. तुमच्या प्रश्नाला धरून केलेली एक चाचणी आहे, टाचेची नव्हे, खुब्याच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरेची. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २०४ जणांवर. एका गटाला समजावून सांगणं आणि व्यायाम, दुसऱ्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन, तिसऱ्याला ‘थांबा आणि पाहा’. आठ आठवड्यांनी बरं वाटतं म्हणणारे अनुक्रमे सुमारे ७७, ५८ आणि २९ टक्के. वर्षाअखेरीस ७९, ५८ आणि ५२. म्हणजे कॅलेंडर फाडूनही निम्मे सुधारले, तुमचं म्हणणं तिथवर खरं. पण उरलेल्या निम्म्यात आपण असलो तर? आणि ज्याला रोज आठ तास उभं राहून पगार कमवायचाय, त्याला वर्षभर थांबा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

थॉमसन_पिंपळगाव | १२ फेब्रुवारी

द्राक्षांच्या मोठ्या खुड्यात आहे, मालाच्या गाड्या भरायच्यात, तरी हे वाचून लिहायला बसलो. माझं टाचेचं नाही, कोपराचं आहे. उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत दोन एकर मीच मारले कारण टोळी वेळेवर आली नाही. तेव्हापासून चहाचा कप उचलला तरी कळ जाते. डॉक्टर म्हणाले टेनिस एल्बो. बायको म्हणाली आयुष्यात टेनिसची रॅकेट पाहिली नाही आणि रोग बघा कसला मिरवतोय. दोन इंजेक्शनं झाली. दोन्ही वेळा महिनाभर स्वर्ग, मग नरक. तिसरं घेऊ का? एप्रिलात खरड छाटणी आहे.

मोकळी_मान | १३ फेब्रुवारी

दादा, तिसरं घेऊ नका असं सांगण्याइतपत पुरावा तुमच्या दुखण्यात आहे. २०१३ मध्ये कोपराच्या याच दुखण्यावर १६५ जणांची चाचणी छापून आली. काहींना स्टेरॉइड, काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. पहिल्या महिन्यात स्टेरॉइडवाले पुढे. वर्षभरात दुखणं उलटलं ते स्टेरॉइडवाल्यांपैकी ५४ टक्क्यांचं आणि मिठाच्या पाण्यावाल्यांपैकी १२ टक्क्यांचं. तुमचा स्वर्ग-नरक म्हणजे हेच.

टेनिसचा दोष नाही, मनगट वर उचलून धरणारा स्नायू जिथे कोपराच्या हाडाला चिकटतो तिथलं हे दुखणं. कात्री दाबताना मनगट स्थिर ठेवायला तोच राबतो, दिवसभरात हजारो वेळा. म्हणून आधी कात्रीकडे बघा. पात्याला धार आहे का? बोथट कात्रीला प्रत्येक काडीमागे जास्त जोर लागतो. स्प्रिंग फार कडक नाही ना? मूठ हाताच्या मापाची आहे का? जाड काडीला करवत वापरा, हट्टाने कात्रीनेच नको. उचलताना तळहात वर ठेवून उचला, कॅन, क्रेट, काहीही. तळहात खाली असला की सगळा भार त्याच जागेवर.

व्यायाम: हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळहात खाली, हातात एक किलोचं वजन. तीन मोजत वर, तीन मोजत खाली. दहा-पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपं वाटलं की वजन वाढवा. हातोडीचा दांडा शेवटाला धरून हात हळू उजवीकडे-डावीकडे फिरवणं हेही चांगलं. खरड छाटणीला जेमतेम दोन महिने आहेत, त्यामुळे पूर्ण बरं होईल असं वचन देत नाही. पण यंदा दोन एकर एकट्याने मारायचे नाहीत, एवढं वचन तुम्ही मला द्या.

थॉमसन_पिंपळगाव | १३ फेब्रुवारी

ते वचन टोळीवाल्याच्या हातात आहे ताई.

वैद्यबुवा_पंचवटी | १४ फेब्रुवारी

आयुर्वेदाचं नाव अजून निघालं नाही म्हणून येतोय. सुश्रुताने शरीरात सोळा कंडरा सांगितल्या आहेत आणि स्नायू-संधीच्या वेदनेत अग्निकर्मही, म्हणजे दुखऱ्या जागी तापवलेल्या शलाकेने डाग देणं, सांगितलंय. मी टाचदुखीत आणि कोपरात अग्निकर्म करतो. वेदनेला उतार पडतो हे माझ्या डोळ्यांदेखत आहे. पण फिजिओताईंशी वाद नाही. उतार पडला की पेशंट दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर चढतो आणि महिन्याने परत येतो, हेही डोळ्यांदेखत आहे. हल्ली मी अग्निकर्मानंतर त्याला व्यायामाला पाठवतो. कुणी म्हणेल वैद्य बाटला.

मोकळी_मान | १४ फेब्रुवारी

वैद्यबुवा, वेदना कमी झाल्याच्या काळात व्यायाम सुरू करता आला तर मला ते हवंच आहे, मग उतार कशानेही येवो. भांडण फक्त ‘उतार म्हणजे बरा’ या समजुतीशी.

निद्रानाश_सिडको | १५ फेब्रुवारी

मध्येच विचारते. वय २८. मला दोन्ही टाचांत मागे दुखतं, सकाळी तास-दीड तास आखडलेलं असतं. रात्री पहाटे कंबर दुखून जाग येते, उठून चाललं की बरं वाटतं. हेच व्यायाम करू?

मोकळी_मान | १५ फेब्रुवारी

नाही, आधी थांबा. तरुण वय, दोन्ही बाजू, तासाहून जास्त ताठरपणा आणि आरामाने वाढणारी, हालचालीने कमी होणारी कंबरदुखी, हे चित्र वेगळं आहे. यात मणक्याच्या संधिवाताची शंका घ्यावी लागते, त्यात कंडरा हाडाला चिकटते तिथे खरोखरचा दाह असतो. संधिवाततज्ज्ञांना दाखवा. ते रक्ताच्या तपासण्या, गरज वाटली तर एचएलए-बी२७ (या संधिवाताशी जोडलेली जनुकीय खूण) आणि कमरेच्या सांध्यांचा एमआरआय सांगतील. त्याची औषधं वेगळी असतात आणि वेळेवर मिळाली तर फार फरक पडतो. सोरायसिस, डोळा लाल होऊन दुखणं, घरात कुणाला असा त्रास, असं काही असेल तर तेही सांगा.

गोदाकाठचा | १६ फेब्रुवारी

ताई, आता माझ्याकडे या. करायचं काय ते सांगा. आणि ते पीआरपी?

मोकळी_मान | १६ फेब्रुवारी

पीआरपी: २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये नेमकं तुमच्याच दुखण्यावर, मधल्या भागातल्या जुनाट टाचकंडरेवर, २४० जणांची चाचणी झाली. निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना त्वचेखाली नुसती सुई. सहा महिन्यांनी फरक नाही. पैसे शिल्लक असतील तर मला विचारण्याआधी मुलीला सायकल घ्या.

व्यायामाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हाकान आल्फ्रेडसन नावाचे स्वीडनचे हाडांचे सर्जन. त्यांना स्वतःला हेच दुखणं होतं. ऑपरेशन करा म्हणाले तर वरिष्ठांनी नकार दिला, एवढ्याशा कारणासाठी सुट्टी देणार नाही म्हणून. त्यांनी ठरवलं, दोरी तोडूनच टाकू, मग तर करावंच लागेल. पायरीवर उभं राहून दुखऱ्या पायाने टाच खाली सोडायचा सपाटा लावला. तोडायला गेले आणि बरे झाले. १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी धावपटूंवरचा प्रयोग छापला: गुडघा सरळ ठेवून १५ च्या तीन फेऱ्या, गुडघा वाकवून तेवढ्याच, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८० वेळा, १२ आठवडे. पंधराही जण पुन्हा पळायला लागले.

मी मात्र तुम्हाला १८० सांगणार नाही. नोकरी, घर सांभाळून कुणी करत नाही, तिसऱ्या आठवड्यात खोटं बोलायला लागतात. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये याच्याशी तुलना करून पाहिली: आठवड्यातून फक्त तीन दिवस, पण जड वजन आणि अतिशय हळू. निकाल सारखाच. तेच करू.

पहिले दोन आठवडे: भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचला, वर धरा, ४५ सेकंद, पाच वेळा, रोज. काहींना याने लगेच हलकं वाटतं, काहींना नाही, घाबरू नका. त्यानंतर एक दिवसाआड: उभ्याने टाच उचलणं, तीन मोजत वर, तीन मोजत खाली, १५ च्या तीन-चार फेऱ्या. मग खुर्चीवर बसून, मांडीवर वजन ठेवून तेच. बसून करायचं सोडू नका, गुडघा वाकला की पोटरीतला आतला चपटा स्नायू काम करतो आणि चालताना मोठा भार तोच उचलतो. दोन पायांवर सोपं झालं की एका पायावर. तेही सोपं झालं की पाठीवर मुलीचं जुनं दप्तर आणि त्यात पाच किलो आट्याची पिशवी. जसजसं वजन वाढेल तसतशी संख्या १५ वरून ६ ते ८ पर्यंत उतरवा. हलक्या वजनाने शंभर वेळा हलवून कंडरेला काही कळत नाही, तिला भार कळतो. पळताना हीच दोरी शरीराच्या सहा ते आठ पट भार सोसते, तेव्हा आट्याच्या पिशवीला भिऊ नका.

दुखलं तर? शून्य ते दहा अशी पट्टी मनात ठेवा. व्यायामात पाचपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यापेक्षा जास्त आखडलं नसलं पाहिजे. आखडलं तर भार कमी करा, बंद करू नका. चालणं सुद्धा सोडायचं नाही, चार फेऱ्यांच्या दोन करा. २००७ च्या एका स्वीडिश अभ्यासात हाच नियम पाळून पहिल्या सहा आठवड्यांत पळणं चालू ठेवणारे आणि थांबणारे, दोघेही सारखेच सुधारले.

आणि तारीख आत्ताच कागदावर लिहून फ्रिजला लावा: १२ आठवडे म्हणजे अर्धा रस्ता.

गोदाकाठचा | १४ मार्च

चार आठवडे झाले. खरं सांगू? फरक शून्य. उलट परवा पाहुण्यांना घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढलो, काल सकाळी पुन्हा पक्कड. बंद करू का?

मोकळी_मान | १४ मार्च

पायऱ्या मी सांगितल्या नव्हत्या. तीन दिवस नुसतं ४५ सेकंद धरणं, मग मागच्या आठवड्याच्या वजनावर. दुखणं उफाळलं म्हणजे चीर वाढली असं नव्हे. एका पायावर किती वेळा टाच उचलता येते ते मोजा, दोन्ही पायांचं. दुखणं रोज खालीवर होतं, हा आकडा खोटं बोलत नाही.

गोदाकाठचा | १४ मार्च

उजवा २४. डावा ७. लाज वाटली.

शंकासुर | १५ मार्च

उगाच कुतूहल म्हणून मीही मोजलं. १९ आणि १८, आणि आता दोन्ही पोटऱ्यांत गोळे आलेत. धागा महागात पडला.

पहाटपळ्या | १५ मार्च

अवांतर: मोठ्या माणसात कंडरा नवी होतच नाही असं कुठेतरी वाचलं होतं. मग हा पीळ कसा येणार?

मोकळी_मान | १६ मार्च

चांगलं वाचलंत. १९५५ ते १९६३ दरम्यानच्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता. त्या काळात जे वाढत होते त्यांच्या कंडरेच्या गाभ्यात तो अडकून राहिला. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी तो मोजला आणि दिसलं की गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि नंतर जवळपास तसाच राहतो. म्हणजे बिघडलेला तुकडा कोरा करकरीत होईल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याच्या आजूबाजूची चांगली दोरी जाड आणि मजबूत होते आणि भार ती उचलते. गाठ हाताला लागत राहील कदाचित. दुखणार नाही.

थॉमसन_पिंपळगाव | २ मे

खरड छाटणी झाली. टोळी या वेळी आली. मी फक्त अर्धा एकर मारला, कात्री नवी घेतली, धार रोज संध्याकाळी. वजन तीन किलोवर गेलं. चहाचा कप आता निमूट उचलला जातो, पण भरलेला क्रेट अजून जाणवतो. टोळीतल्या दोघीजणींच्या अंगठ्याच्या मुळाशी असंच दुखतं, त्या सुरगाण्याच्या आहेत, थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, दिवसभर बारीक कात्री. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवलं की ओरडतात. काय सांगू त्यांना?

मोकळी_मान | ३ मे

ते अंगठ्याच्या दोऱ्यांच्या नळीचं दुखणं, द क्वेर्वेन म्हणतात. तुम्ही जी खूण सांगितली तीच तपासणी. मात्र इथे नियम थोडा उलटा आहे: अंगठ्याला आधार देणारा पट्टा आणि काही आठवडे कामात बदल आधी, आणि इंजेक्शन इथे बरेचदा चांगलं काम करतं, कारण अडचण दोरीच्या नळीत असते. त्यांना हात आलटून पालटून वापरायला सांगा, आणि तासाला पाच मिनिटांची सुट्टी द्या. ती सुट्टी मजुरीतून कापू नका दादा.

थॉमसन_पिंपळगाव | ३ मे

नाही कापत. लिहून घ्या.

निद्रानाश_सिडको | ११ मे

कळवायचं राहिलं. संधिवाततज्ज्ञांकडे गेले होते, शंका खरी निघाली. औषधं सुरू झालीत, तीन वर्षांत पहिल्यांदा सलग सात तास झोपले. आयडी बदलावा लागणार.

गोदाकाठचा | २० जुलै

बावीस आठवडे. उजवा २६, डावा २१. दप्तरात आता दोन पिशव्या, दहा किलो. सकाळचं लंगडणं गेलं, थंड फरशीवर पहिली दोन पावलं तेवढी कळतात. एचबीए१सी ६.३. गाठ आहे तिथेच आहे.

आता खरा प्रश्न. पुढच्या महिन्यात तिसरा श्रावणी सोमवार. आई म्हणते फेरी कर, पण बूट घालून, देवाला चालतं. ताई, जाऊ का?

मोकळी_मान | २० जुलै

आत्तापर्यंत सलग जास्तीत जास्त किती चाललात?

गोदाकाठचा | २० जुलै

नऊ किलोमीटर. सोमेश्वरपर्यंत जाऊन परत.

मोकळी_मान | २१ जुलै

नऊवरून वीस म्हणजे पुन्हा गेल्या श्रावणासारखंच होईल. दर आठवड्याला दीड-दोन किलोमीटर वाढवा, चौदापर्यंत पोचाल. त्या रात्री अर्ध्या वाटेवर परत फिरायची सोय करून ठेवा, कुणाला तरी गाडी घेऊन थांबायला सांगा. पूर्ण फेरी पुढच्या वर्षी. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या दहा पावलांत काय झालं ते इथे लिहा.

सिन्नरची_मावशी | २१ जुलै

गाडी घेऊन माझा मुलगा थांबेल, तो तसाही त्र्यंबकला येणारच आहे. आणि कोमट एरंडेलाची वाटी मी त्याच्याबरोबर पाठवते. ताई रागावू नका, लावायला छान वाटतं.

मोकळी_मान | २१ जुलै

मावशी, माझ्यासाठीही पाठवा.